मळलेलं पान

नव्या पुस्तकाचं प्लास्टिक इराण्णा दातांनी फाडतात. दुकानात कात्री आहे, खणात ब्लेड आहे, तरी दातच. हरभऱ्याचा घाटा सोलावा तितक्या सहज.

सोलापुरात सरकारी दवाखान्यामागच्या गल्लीत त्यांचं वैद्यकीय पुस्तकांचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोघं आत शिरले तर तिसऱ्याने बाहेरूनच बोलावं, एवढं. त्यातही ते विकतात फक्त स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र. हृदयाचं पुस्तक मागितलं तर "ते समोर." डोळ्यांचं मागितलं तर "ते बी समोर." बाळंतपणं करणाऱ्या आम्हा डॉक्टरांच्या कपाटातले बहुतेक जाडजूड ग्रंथ सोलापुरी चादरीत बांधून, जुन्या लुनावरून ह्याच गृहस्थांनी पोचवलेले. स्वतः मैंदर्गीचे, सातवी पास. इंग्रजी अक्षरं लागतात, धड्यांची नावं ओळखतात. वाक्य मात्र लागत नाही.

मी त्यांचं गिऱ्हाईक झालो तेव्हा माझ्या दवाखान्यात रंगाचा वास होता आणि पेशंट नव्हते. पेशंट नसले तरी काचेचं कपाट होतं, आणि कपाटात जाड पुस्तक दिसलं की पेशंट येतात, अशी माझी समजूत होती. अण्णा पुस्तक घेऊन आले, बसले आणि दात लावले.

"अहो, अहो! कपाटात ठेवायचंय ते!"

"मग देव्हारा करा की वो. फुलं बी वाहा."

प्लास्टिक थुंकून त्यांनी पुस्तक मधोमध उघडलं, शिवण कटकन वाजेपर्यंत दोन्ही तळव्यांनी दाबलं आणि एका पानावर बोट ठेवलं. "वाचा."

"आत्ता?"

"मोठ्यानं."

पान होतं बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं. तोंडी परीक्षेला बसल्यासारखं मी ते इंग्रजीत घडाघडा वाचलं. अण्णा डोळे मिटून, हात जोडून ऐकत होते. पान संपल्यावर "हं" म्हणाले आणि चहाकडे वळले.

"कळलं का काही?" मी जरा टेचात विचारलं.

"मला कशाला कळाया पायजे? बाळंतीण माज्याकडं येती काय?"

पुढे समजलं, गावातल्या सगळ्या डॉक्टरांनाच ते पान वाचावं लागतं. केस पांढरे झालेल्या आमच्या एक ज्येष्ठ बाई तर म्हणे उभ्या राहून वाचतात. असं का, ह्यावर आमच्यात बरेच तर्क होते. कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे डोक्याचा स्क्रू ढिला. मी थेट विचारलं तर उत्तर आलं, "दुकानाचा रिवाज हाय."

दुसरा रिवाज त्याहून जाचक. नवी आवृत्ती हवी असेल तर जुनी घेऊन यायची. अण्णा तेच पान उघडून उजेडात धरणार. कोपरे मळलेले असले तर नवं पुस्तक; पान स्वच्छ असलं तर, "कोरं हाय. अजून हेच वापरा."

माझं पान स्वच्छ होतं. हल्ली आम्ही मोबाइलवर बघतो, पण हे अण्णांना कोण सांगणार? मी एक शास्त्रीय उपाय काढला. चहाच्या कपात बोट बुडवून पानाचे कोपरे मळवायला बसलो.

"काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"संशोधन."

चार दिवसांनी ऐटीत दुकानात गेलो. अण्णांनी पान उघडलं. रक्तस्रावाच्या धड्यातून दोन मुंग्या बाहेर आल्या, मागून तिसरी. अण्णांनी चष्मा लावला, पान हुंगलं.

"साखर जास्त घेता, डॉक्टर."

मला सहा महिने परत पाठवण्यात आलं. ह्या सहा महिन्यांत भर रस्त्यात, पेशंटांसमोर, लुना न थांबवता ते ओरडत, "मुंग्या बऱ्या हायत का?"

रागाच्या भरात मी ते पान इतक्यांदा वाचलं की डोळे मिटले तरी दिसायला लागलं. मग एका दुपारी एका बाळंतिणीला तसाच रक्तस्राव सुरू झाला, आणि पुढची ओळ आठवायच्या आधीच माझे हात कामाला लागले. रक्त थांबलं. बाई भाकरी खाऊन घरी गेली. पानाला मात्र त्या रक्ताचा डाग नाही. पुस्तक तेव्हा कपाटातच होतं.

आता माझा मूळ रोग सांगतो : नको तिथे डोकावणं. दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर एक पुस्तक होतं, प्लास्टिकसकट. प्लास्टिक पिवळं पडलेलं. दिसेल त्या पुस्तकाला दात लावणाऱ्या माणसाने हे एकच का सोडलं? मला चैन पडेना. परवा अण्णा समोर चहा सांगायला गेले आणि मी स्टुलावर चढलो. स्टुलाचा एक पाय आधीच निवृत्त झालेला होता. मी खाली, माझ्यावर फळी, फळीवरचे ग्रंथ माझ्या पोटावर. स्त्रीरोगशास्त्राचं एवढं वजन मी अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये पेललं नव्हतं. हातात ते पुस्तक आणि प्लास्टिक टर्रकन फाटलेलं.

दारात अण्णा.

मला वाटलं, आता मुंग्यांच्या वरची शिक्षा. पण ते पडलेल्या पुस्तकांवरच बसले.

"फाटलं?"

"चुकून, अण्णा..."

"म्या पयलं इकलेलं पुस्तक हाय ते. आमच्या मैंदर्गीच्या डॉक्टरला. असंच प्याक दिलं. पंधरा दिसांनी बसम्मा त्यांच्याकडं बाळंत झाली."

अण्णांची बायको नाही हे माहीत होतं. नाव आज पहिल्यांदा ऐकलं.

"पोरगी झाली. ती हाय, वैरागला शाळेत शिकवती. पर बसम्माचं रगत थांबंना. सलाईनला स्टँड नव्हता, म्याच बाटली धरून उबा हुतो. ती गेली. म्हैन्यानं डॉक्टरनी पुस्तक परत लावून दिलं. बघा की. प्लास्टिक बी काढलं नव्हतं." ते फाटलेल्या कडेवरून बोट फिरवत होते. "म्या उघडून दिलं असतं तर त्यांनी वाचलं असतं की वो."

मी अंगावरची फळी बाजूला सारून उठून बसलो.

"डॉक्टर, त्या पानावर काय लिवलंय? मराठीत सांगा."

"इतक्या वर्षांत कुणाला विचारलं नाहीत?"

"भ्या वाटायचं."

मी ते पान काढलं. कोरं करकरीत, थोडं पिवळं. एक एक ओळ सांगायला लागलो.

"पोटावरून गर्भाशय चोळत राहा."

"चोळत हुते. त्यांचा घाम माज्या पायावर पडत हुता."

"लघवीची नळी घाला."

"घातली."

"इंजेक्शन द्या."

"दोन दिली. मग आजून एक मागितलं."

"वार पूर्ण पडली का, तपासा."

"ताटात घेऊन उलटीसुलटी बघितली. दोनदा." अण्णा आता माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"एक हात आत, एक पोटावर, गर्भाशय दाबून धरा."

"किती येळ धरायचं लिवलंय?"

"रक्त थांबेपर्यंत."

"जीप यीस्तवर धरलं हुतं. जीपमदी बी सोडलं न्हाय."

"आणि रक्त चढवा."

"रगत सोलापुरात हुतं," अण्णा म्हणाले.

पान संपलं.

"म्हंजे... त्यांना समदं येत हुतं?"

"पाठ होतं, अण्णा. ह्या पुस्तकाच्या आधीपासून."

"मग पुस्तक परत का लावून दिलं?"

"ते मला कसं कळणार? त्यांनाच विचारायला हवं."

"हायत अजून. पारावर पेपर वाचत बसतात. दोनदा हाक मारली त्यांनी मला. म्या मान फिरवून गेलो."

मग उरलेलं प्लास्टिक त्यांनी काढलं. दातांनी नाही, बोटांनी, हळूहळू. त्याची घडी केली आणि खिशात ठेवली. पुस्तक चादरीत बांधलं.

"मैंदर्गीची एसटी किती वाजता हाय?"

"मी सोडतो ना, गाडी आहे माझी."

"तुमी हितली पुस्तकं लावा. पाडली कुणी?"

मी पुस्तकं गोळा करायला लागलो. समोरून चहा आला, दोन कप. लुना दारातच उभी होती. अण्णा ते एकच पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी धरून एसटी स्टँडकडे चालत निघाले होते.