ट्रंकेतली परकी घडी

ट्रंकेचं झाकण उघडलं आणि कौसाबाईंचा हात तसाच झाकणावर राहिला.

आत कपडे होते. नवरा आठ दिवसांच्या दौऱ्यावरून आला की ट्रंकेत कपडे असणारच, त्यात दचकायचं काय, असं कोणी विचारील. पण विचारणाऱ्याने भटूनानांची ट्रंक कधी पाहिलेली नसणार. भटूनाना सरकारी नोकरीत देवी टोचायच्या कामावर होते. नंदुरबारहून निघायचं, विसरवाडीच्या सरकारी खोलीत मुक्काम टाकायचा, आसपासच्या पाड्यांवर पोरांचे दंड टोचत फिरायचं आणि आठव्या दिवशी घरी परतायचं, हा त्यांचा क्रम. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. जाताना कौसाबाई कपड्यांना तीन मोडी घालून, वर एक थाप मारून ट्रंक भरायच्या आणि येताना त्या ट्रंकेतून धोतर, सदरे, कोट, पंचा यांचा एकच बोळा बाहेर यायचा. मग कौसाबाई कपाळावर हात मारायच्या, तांब्यात निखारे घालून एकेक कपडा दाबत बसायच्या आणि शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायच्या, "मी नसती तं ह्या मानूसनं काय व्हतं!" खरं सांगायचं तर त्या वाक्यात तक्रारीपेक्षा अभिमान जास्त असे.

आज मात्र धोतराची आठपदरी घडी होती, काठाला काठ लागलेला. कोट उलटा करून एका खांद्यात दुसरा खांदा बसवला होता आणि मोड पडू नये म्हणून दुमडीत जुनं वर्तमानपत्र गुंडाळून ठेवलं होतं. टोपी चेपू नये म्हणून तिच्या पोटात पायमोजे भरले होते. कोपऱ्यात कडुनिंबाची चार पानंसुद्धा होती. कौसाबाईंनी सदऱ्यावरून हात फिरवला. एक सुरकुती लागेल तर शपथ!

"आहो," त्यांनी आतून विचारलं, "ह्या खेपले कपडा बराच चांगला ऱ्हायनात?"

ओसरीवर चहाची बशी तोंडाला लावलेले भटूनाना एकदम ठसकले. "ते... वाहरूनी बैलगाडी सोडी दिधी ना. सर्व्हिस मोटारमा उनू. मोटार हालस नही."

मोटार हलत नाही! विसरवाडीच्या रस्त्यावर ती मोटार अशी हलायची की नंदुरबारला उतरलेला माणूस आधी दात चाचपायचा आणि मग सामान.  कौसाबाईंनी ट्रंक तशीच बंद केली आणि परसातून शेजारच्या छबूबाईंना हाक मारली.

छबूबाई आल्या, त्यांनी पदर खोचला आणि वैद्याने नाडी पाहावी तशी धोतराची कड दोन बोटांत धरून पाहिली.

"हाऊ पुरुषना हात नही, कौसा."

"मले बी तसंच वाटनं."

"बाईना हात शे. नि बाई तरनी शे."

"तरनी कशावरून वं?"

"संसारवाली बाई काठले काठ लावत बसस का? तिले येळ कोठे शे? नि हाऊ लिंबना पाला देख. इतली माया!"

कौसाबाई ट्रंकेशेजारी खाली बसल्या. एकुलती लेक यंदाच सासरी गेली होती, घरात दोघंच उरली होती आणि आता दोघांत तिसरी. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की हे खरं निघालं तर आपण आपली लुगडी उचलायची आणि कोरीटला भावाकडे कायमचं जायचं. पण आधी खात्री. उगाच आळ घेणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

पुढच्या सोमवारी त्यांनी ट्रंक भरली ती मुद्दाम वाईट. धोतराचा पिळा केला, कोट कोंबला, त्यावर गुडघा टेकवून झाकण लावलं. आठव्या दिवशी त्या स्वतः मोटार-स्टँडवर जाऊन उभ्या राहिल्या. अठरा वर्षांत त्या नवऱ्याला घ्यायला गेल्या नव्हत्या.

मोटार आली. भटूनाना उतरले, ट्रंक खांद्यावर घेतली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि घराची वाट सोडून भराभर पलीकडच्या बाभळींच्या आडोशाकडे निघाले.

"आहो! तथा कोठे चालनात?"

भटूनानांच्या खांद्यावरची ट्रंक पायावर पडता पडता राहिली. "तू? आठे?"

"हां, मी. तुमले कोन वाट देखी ऱ्हायंतं तठे?"

"कोनीच नही. पाय आखडी गयथात. म्हनं, जराक फिरी येऊ."

"ट्रंक लई सन?"

नानांनी ट्रंक दुसऱ्या खांद्यावर घेतली. घरी येऊन ट्रंक उघडली तर आत तीच घडी, तोच काठाला काठ, तोच पाला. शिवाय सदऱ्याचं तुटलेलं बटण कोणीतरी शिवलेलं होतं. छबूबाईंनी बटण पाहिलं आणि नुसताच एक सुस्कारा सोडला. त्या संध्याकाळी नानांच्या वरणात मीठ दोनदा पडलं. नानांनी ते मुकाट्याने खाल्लं, आणि मुकाट्याने खाल्लं म्हणून संशय आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी कौसाबाईंनी वाहरूला बोलावलं. इतकी वर्षं नानांना दौऱ्यावर नेणारा गाडीवान तो. मोटार आल्यापासून बैलांना घेऊन शेतावर राबत होता. त्याला गूळ-दाणे दिले, पाणी दिलं आणि मग विचारलं.

"वाहरू, खरं सांग. इसरवाडीमा नाना संध्याकायले काय करतस?"

वाहरूने गूळ चघळत विचार केला. "खोलीना दरवाजा लाई लेतस."

"एकलाच?"

"मी तं भायेरच ऱ्हाऊ, बैलेसपाशी. पन इस्तो मांगाडी लेतस. रोज."

"इस्तो? उन्हायामा बी?" भर उन्हाळ्यात विस्तव कशाला, ते कौसाबाईंना कळेना.

"उन्हायामा बी. नि आतमा काहीतरी गुनगुनतस."

छबूबाई दाराआडून ऐकत होत्या. "धूप जाळत व्हई ती," त्या कुजबुजल्या.

"आखो काय?" कौसाबाईंनी विचारलं. वाहरू चुळबुळला. नानांनी शपथ घातली होती म्हणाला. कौसाबाईंनी गुळाचा आणखी एक खडा पुढे केला. शपथ तेवढ्यात सुटली.

"घर येवाना पह्यले, गावना भायेरना नालापाशी, नाना गाडी उभी करेत. मले सांगेत, जाय, बैलेसले पानी पाज. मी दूर गऊ का त्या ट्रंक उतरी सन पुलना खाले जायेत. घडीभरमा परत येयेत."

"हाई कधयपासून?"

"मी गाडी हाकस तधयपासून. पंधरा-सोळा वरीस व्हयनात."

वाहरू गेला तरी कौसाबाई तिथेच बसून राहिल्या. म्हणजे विसरवाडीत एक, आणि पुलाखाली दुसरी? की तीच बाई निरोप द्यायला नाल्यापर्यंत यायची? पंधरा-सोळा वर्षं! त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं ते त्यांनी पदराला पुसलं आणि उठून स्वतःचं एक लुगडं गाठोड्यात बांधलं.

"ह्या खेपले मी बी येसू," पुढच्या सोमवारी पुन्हा ट्रंक कोंबून भरत त्यांनी सांगितलं.

"तू? इसरवाडीले? तठे काय शे?"

"तेच देखाले येसू."

मोटारीत दोघं शेजारी बसली, पण मध्ये गाठोडं ठेवून. विसरवाडीला उतरल्यावर कौसाबाईंची नजर नुसती भिरभिरत होती. चहाच्या टपरीवरची बाई, विहिरीवरच्या बाया, कोणाचा पदर नीट चापून बसला आहे हे त्या बारकाईने पाहत होत्या. घडी चांगली करणारी बाई तिच्या लुगड्यावरून ओळखता येईल, असा त्यांचा कयास. त्या हिशोबाने अर्धी विसरवाडी गुन्हेगार निघाली. सरकारी खोली झाडायला भुरीबाई नावाची एक म्हातारी होती. तिच्या लुगड्याची निरी फारच सरळ होती, तेव्हा कौसाबाईंनी तिच्याकडेही दोनदा वळून पाहिलं. पण ती साठीची होती आणि तिला पुढचे दोन दात नव्हते. नाना इतके पुढे जाणार नाहीत असं त्यांनी ठरवलं.

संध्याकाळी नाना पाड्यावरून पोरं टोचून आले. खोलीच्या मधोमध ट्रंक होती आणि ट्रंकेवर कौसाबाई बसल्या होत्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "मले एकच सांगा. हाई ट्रंक कोन भरस?"

"तूच ना."

"जातांना मी. येतांना कोन?"

नानांनी टोपी काढून हातात धरली.

"मी भांडाव नही. रडाव बी नही. तिनं नाव सांगा, मी उद्याना मोटारमा कोरीट चालनी जासू. भाऊना घर मन्हासाठे एक भाकर निंघी."

 भटूनाना बायकोसमोर खाली बसले. त्यांना तिला जाऊ द्यायचं नव्हतं. तिच्याशिवाय त्या घरात आपण दोन दिवसही काढू शकणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण खरं सांगायचं म्हणजे अठरा वर्षांचं खरं सांगायचं. एका बाजूला सवतीचा आळ, दुसऱ्या बाजूला ते खरं. आळाचं काय, माफी मागितली की बायका दोन वर्षांत विसरतात, असं त्या भोळ्या माणसाला वाटलं. खरं मात्र जन्मभर निस्तरावं लागणार होतं.

"शे एक," नाना खाली मान घालून म्हणाले.

कौसाबाईंनी डोळे मिटले. "नाव?"

नानांना नाव सुचेना. खोटं बोलायची सवय नव्हती, निदान तोंडाने बोलायची. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि कोपऱ्यातल्या तांब्यावर थांबली.

"तां... तानीबाई."

"कोनती तानीबाई?"

नजर तांब्यावरून खिडकीकडे गेली. "खि... खेडानी."

"कोनता खेडानी?"

एवढ्यात दार ढकललं गेलं. भुरीबाई खापरात रसरशीत निखारे घेऊन आत आली आणि दोघांकडे न पाहता ते तांब्याशेजारी ठेवून म्हणाली, "ल्या नाना, तुमना इस्तो. का आज बाई उनी शे तं कपडा तीच दाबी?"



"काय बोलनी तू?" कौसाबाई ट्रंकेवरून उठल्या.

"कपडा वं माय. नाना दरवाजा लाई लेतस, तांब्यामा इस्तो भरतस नि गानं म्हनत एकेक कपडा दाबतस, घडी करतस. मी फटमातून देखेल शे. पह्यले दिन इतली हासनू का हातना झाडू पडी गया." भुरीबाईला आताही हसू आवरेना. "मंग मन्हा डोकराले दखाडं. म्हनं, शिक काही. आते मन्हं लुगडं तोच घडी करस." आणि तिने आपल्या म्हाताऱ्याच्या हातच्या सरळ निऱ्या कौतुकाने दाखवल्या.

ती गेल्यावर कौसाबाईंनी दार लावून घेतलं. आधी त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या हुंदका देऊन रडल्या. रडून झालं आणि मग खरा राग आला.

"बटन?"

"मीच टाकं."

"नि पुलना खाले?"

"तठे ते समदं काढू नि चुरगाई टाकू," नाना पुटपुटले. "घर जावाना पह्यले. खोलीमाच चुरगायाले मन व्हये नही. मोटार नालापाशी उभी ऱ्हास नही, म्हनीसन..."

"आठरा वरीस!" कौसाबाई कडाडल्या. "आठरा वरीस मन्हा हात पोयनात तो इस्तो भरता भरता! तुमले येत व्हतं तं बोलनात का बरं नही?"

"लगीनना पह्यले हप्ताले मी सदरानी घडी करी ऱ्हायंतू. तू उनी नि मन्हा हातमातून हिसकी लिधा. 'द्या आठे, तुमले नही येस' म्हने. हासनी." नानांनी तांब्या पुढे ओढला. "मले ते लई आवडनं. मंग बोलाले जमनंच नही."

 कौसाबाईंनी ट्रंक उघडली, आतला बोळा बाहेर काढला आणि नानांच्या पुढ्यात टाकला.

"करा. मी देखस."

नानांनी केलं. गुणगुणतसुद्धा केलं. कोटाच्या खांद्यात खांदा बसवताना कौसाबाई नकळत पुढे वाकून पाहायला लागल्या.

घरी परतल्यावर घटकाभराने छबूबाई अंगणात आल्या. "सापडनी का?"

"सापडनी," कौसाबाई म्हणाल्या. "घर लई उनू."

"सवतले? घरमा?" छबूबाईंचा हात तोंडावर गेला.

"ऱ्हाऊ दे. कामले बरी शे."

छबूबाईंनी दाराच्या फटीला डोळा लावला. आत भटूनाना मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या भोवती कौसाबाईंची नऊवारी लुगडी पसरली होती. एका लुगड्याचा काठ त्यांनी दातांत धरला होता. छबूबाई तिथून सरळ घरी गेल्या आणि थोड्याच वेळात त्यांच्या घरातून "आहो, जराक आठे या" अशी हाक आली. तिचा सूर ऐकून त्यांचा नवरा दोधूआप्पा मागच्या दाराने बाहेर पडला. तेव्हापासून तो भटूनानांशी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. पलीकडे ओळीने लावलेल्या घड्या होत्या. एका घडीकडे पाहता पाहता त्यांचं थापणं थांबलं.

"आहो, ही घडी तुमले कोनी शिकाडी?"

"धुयाना बोर्डिंगमा," धुळ्याच्या शाळेचे दिवस आठवून नाना सहज बोलून गेले. "तठे समदं आपलं आपल्यालेच करनं पडे."

"समदं?"

नानांची चूक नानांच्या ध्यानात आली, पण उशिरा.

"मंग सैपाक कोन करे?"

"आचारी व्हता," नाना घाईने म्हणाले. "चांगला आचारी व्हता."

कौसाबाईंनी पिठाची परात हळूच त्यांच्याकडे सरकवली.

"आचारीनं नाव काय?"

नानांची नजर चुलीवर गेली, तिथून वर चढली आणि तापलेल्या तव्यावर थांबली.

"तवाकडे नका देखू," कौसाबाई म्हणाल्या. "नाव सांगा."