सोवनींच्या रेडिओतली धूळ

अप्पा सोवनी रेडिओ रोज पुसायचे. पण बाहेरून. आतली धूळ काढायची नाही म्हणजे नाही, हा त्यांचा कायदा आख्ख्या चाळीला पाठ होता.

नौपाड्यात आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. अप्पा कचेरीत कारकून, मी गिरणीत फिटर. शाळा मी दुसरीत सोडली, पण मशीन म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. मशीनला धूळ म्हणजे माणसाला दमा. हे माझं मत तेव्हा होतं, आजही आहे.

अप्पांचं उलटं. "फिटर, बसलेल्याला उठवू नये." हे वाक्य धुळीपुरतंच नव्हतं. जिन्यात मांजर बसली असली तर तिला ओलांडून जायचे. एकदा त्या नादात चार पायऱ्या घसरले आणि खालून ओरडले, "उठली नाही ना ती?"

रेडिओ लढाईच्या वेळचा, आत काचेच्या दिव्यांचा. समोर एक हिरवा डोळा. स्टेशन नीट लागलं की त्या डोळ्यातली काळी फट बारीक होत जायची. कचेरीच्या आधी आणि कचेरीनंतर अप्पा त्या डोळ्यासमोर. बातम्या नकोत, बाजारभाव नकोत, गाणी फक्त. तीही गाणारीचं नाव सांगेपर्यंत. नाव ऐकलं की मान हलवून बटण फिरवायचे. आम्ही हसायचो.

त्यांची मुलगी कुसुम चार वर्षांपूर्वी जातीबाहेर लग्न करून निघून गेलेली. "साधी चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही," असं अप्पांनी बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना सांगितलं आणि त्या दिवसापासून घरात तिचं नाव बंद.

एके दिवशी अप्पा कचेरीत गेले आणि वहिनी माझ्या दारात.

"भावजी, कुसुम आज अकराला रेडिओवर गाणार आहे. तिची मैत्रीण सांगून गेली. ह्यांना कळायला नको. पण रेडिओ नुसता खरखरतोय हो!"

घड्याळात दहा. माझी दुपारपाळी. म्हटलं, "वहिनी, हे धुळीचं काम. चार वर्षं ओरडतोय मी."

वायर काढली, मागची फळी उघडली. आत धुळीची गोधडी. रंगाचा ब्रश आणि सायकलचा पंप घेऊन मी ती सगळी उसवली. हिरव्या डोळ्यामागे एक पिवळा कागद घडी घालून कोंबलेला. काहीतरी लिहिलेलं होतं, पण वाचत बसायचा मला कंटाळा. तोही उपसून कचऱ्यात टाकला. वहिनी लगेच सगळा केर खाली कचराकुंडीत टाकून आल्या.

वायर लावली. बटण दाबलं.

काही नाही. डोळा काळा. आतला एकही दिवा पेटेना.

साडेदहा झाले. वायर बघितली, बटण बघितलं, परत वायर बघितली. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. 

तेवढ्यात दारात अप्पा. काखेत वर्तमानपत्र, रेडिओच्या कार्यक्रमांची बाजू वर. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं, आणि त्यांनीही वहिनींना सांगितलं नव्हतं!

उघडी फळी बघून त्यांनी वर्तमानपत्र खाली टाकलं. "कागद कुठाय?"

"कसला कागद?"

"डोळ्यामागचा!"

"कुंडीत गेला. अप्पा, धूळ इतकी की..."

ऐकायला थांबले कुठे? जिन्यात मांजर बसलेली. अप्पांनी तिला पायानं बाजूला सारलं आणि धडाधड उतरले. मागोमाग मी. न्हाव्याकडून आल्यावर दोनदा आंघोळ करणारा माणूस, पण कुंडीत कोपरापर्यंत हात घालून उभा. फणसाच्या सालींखाली कागद सापडला. तो त्यांनी धोतराला पुसला.

वर येऊन नीट बघितलं तेव्हा कळलं. डोळा म्हणजेही एक दिवाच. त्याच्या मागची पकड सैल होती, कागदानं ती घट्ट धरली होती. या रेडिओत सगळे दिवे एका माळेत, एकाचा पाय सुटला की सगळे विझले. फिटर असून मला हे आधी दिसलं नाही. लिहून टाकतो, लपवायचा माझा स्वभाव नाही.

मी कागदासाठी हात पुढे केला. वहिनींनी तो मधेच घेतला. "हे कुसुमचं अक्षर."

अप्पा भिंतीकडे बघत राहिले. वहिनींनी वाचलं, "अप्पा, रागावलात तरी रेडिओ लावत जा. एक दिवस मी गाईन."

"चार वर्षं लपवलंत?"

"तुला चिठ्ठी दाखवली असती तर तू रोज वाट बघितली असतीस," अप्पा म्हणाले. "एकानं बघितली तेवढी पुरे."

अकराला तीन मिनिटं होती. वहिनींनी चिठ्ठी जुन्याच घड्यांवर दुमडून माझ्या हातात दिली. मी ती डोळ्यामागे होती तशी बसवली. बटण दाबलं. ते दिवे तापायला वेळ घेतात.  आधी आत लाल झालं, मग समोर हिरवं. काळी फट बारीक होत गेली. खरखर अजिबात नव्हती. तेवढं श्रेय माझं.

रेडिओवरच्या बाईनं नाव सांगितलं. कुसुम, आणि पुढे आम्हाला नवीन असलेलं आडनाव. अप्पांनी मान हलवली नाही. बटणाला हात लावला नाही. खुर्चीमागे उभे राहिले, हाताला कुंडीची घाण तशीच.

"अहो, बसा ना," वहिनी हळूच म्हणाल्या.

गाणं संपलं. बाईनं पुढचं नाव सांगितलं. तरी अप्पा उभेच.