मास्तरांचे अकरा बाहुले

टिंग!

माझ्या रेनाताचा नुकताच डोळा लागला होता, घर चिडीचूप, आणि खालच्या मजल्यावर तोमासाबाईंचा, आमच्या दोन्यांचा, फोन वाजला. माझं अ‍ॅप बोललं! मक्याच्या पानात वाफवलेले तामाल विकणाऱ्या दोन्यांसाठी मी ते लेकीच्या दुपारच्या झोपेतून वेळ चोरून लिहिलं होतं. त्यात चूक? शक्यच नाही!

टिंग! टिंग! टिंग! मी मोजत गेले. अकरा! माझी छाती भट्टीतल्या पावासारखी फुगली.

दोन्या जिन्यातून ओरडल्या, "पोरी, इलारियो मास्तरांच्या अकरा ऑर्डरी! दर ऑर्डरीला तीस तामाल!"

"एकट्या मास्तरांच्या?"

"अगं, सहा जानेवारीला शाळेत रोस्का कापली ना, तो सणाचा गोल गोड पाव! पावातला बाहुला ज्याच्या तुकड्यात, त्याने दोन फेब्रुवारीच्या सणाला, कान्देलारियाला, सगळ्यांना तामाल द्यायचे. मेल्याला अकरा निघाले! अख्खी रोस्का एकट्यानेच हादडली असणार!"

मलाही पटलं. स्वतःच्या अ‍ॅपपेक्षा मास्तरांच्या भुकेवर संशय घेणं सोपं होतं!

एवढं मोठं काम म्हणून दोन्यांनी बाकीच्या गिऱ्हाइकांना चक्क नाही म्हणून सांगितलं. दोन फेब्रुवारीला सकाळी तीनशे तीस तामाल वाफाळत होते, आणि मास्तर एक टोपली घेऊन दारात!

"बाई, एकच बाहुला हो! तोही गिळणार होतो, पण गाणं शिकवणाऱ्या बाईंनी पाहिलं!"

दोन्या माझ्याकडे वळल्या. वर्षातला त्यांचा एकुलता एक मोठा दिवस! मी घाईघाईने अ‍ॅपचा कोड तपासला. ऑर्डरींचं पान उघडलं की आलेली ऑर्डर टिपायला कोडमध्ये एक 'कान' लावायचा, मिटलं की काढायचा. मी लावायचं लिहिलं होतं, काढायचं विसरले होते!

"दोन्या, त्या दिवशी हे पान कितीदा उघडलंत?"

"दहा-अकरा वेळा. माझा फोटो काय झकास आलाय त्यात!"

मी कबूल केलं: म्हणजे अकरा कान, आणि एकच ऑर्डर अकराही कानांनी लिहून घेतली!

"मग बोलव तुझ्या अकरा कानांना जेवायला!" दोन्या कडाडल्या.

शेवटी मास्तर नाही म्हटलेल्या गिऱ्हाइकांना फोन करत बसले आणि मी टोपल्या घेऊन दारोदार फिरले. संध्याकाळी चाळीस उरले. तीन दिवस आम्ही तेच खातोय.

काल दुपारी ती विसरलेली ओळ लिहिली आणि स्वतःशीच मोठ्याने म्हटलं, "काम झालं की कान काढून टाकायचा. सुटलं!"

खुर्चीमागे रेनाता उभी होती. एक बूट पायात, एक हातात.

"आई, मी केव्हाच्या हाका मारतेय. माझं ऐकणारा कान कधी काढलास?"