भोईटे आप्पा पठार तपासतात

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत भोईटे आप्पांकडे कोणी पेढे घेऊन गेलं, तर ते आधी अभिनंदन करत नाहीत. आधी खोका उलटा करतात. अगदी सावकाश, दोन्ही तळव्यांवर तोलून. मग तळाचा पुठ्ठा सोडवून सर्वांत खालचा पेढा बाहेर काढतात, नखाने टोकरतात, आणि त्यानंतर विचारतात, "काय झालं? मुलगा का मुलगी?"

याला कारण आहे. आप्पांनी पस्तीस वर्षं वाशीच्या घाऊक बाजारात एका गाळ्यावर आंब्याच्या पेट्या तपासल्या. पेटीचा वरचा थर देखणा असतो, तो देखणा दिसावा म्हणूनच रचलेला असतो. आप्पांचं काम पेंढ्यात हात खुपसून खालचा आंबा वर आणायचं. इतकी वर्षं असा हात घालणारा माणूस निवृत्त झाल्यावर हात काय खिशात ठेवणार? ते भाजीवाल्याच्या पाटीतून टोमॅटो काढतात तो खालून, आणि वरचा डोंगर रस्त्यावर घरंगळतो. लग्नपत्रिका शेवटच्या ओळीपासून वाचतात. नवीन वॉचमन आला तेव्हा त्याला त्यांनी गाव विचारलं, तालुका विचारला, आणि मग गावातला वड देवळाच्या कुठल्या अंगाला आहे ते विचारलं. दुसऱ्या दिवशी तो कामावर आलाच नाही.

"बघा," आप्पा म्हणाले, "वड नव्हताच."

किती संशय घेता हो, असं कोणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "संशय न्हाई म्हात्रे. चौकशी."

म्हात्रे म्हणजे मी. त्यांच्या समोरच्या दारात राहणारा. मला स्वतःच्या आयुष्यात भानगडी परवडत नाहीत, पण दुसऱ्याची भानगड असली की मी पुढच्या रांगेतली खुर्ची धरून बसतो. आणि गेल्या वर्षी आप्पांच्या घरात एक फर्स्ट क्लास भानगड सुरू झाली.

त्यांच्या घरात माणसं दोनच. आप्पा आणि त्यांची मुलगी मनीषा. मालनवहिनी गेल्या तेव्हा मनीषा पाचवीत होती. आता ती बेलापूरला एका ऑफिसात आहे. मैत्रिणींबरोबर ती एकदा सातारा जिल्ह्यातल्या एका पठारावर गेली. गाडी घेऊन जायचं, गाडीशेजारी तंबू ठोकायचा, दिवसा भटकायचं, असला प्रकार. (पठाराचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या शनिवारी तुम्ही सगळे गाड्या घेऊन तिथे हजर.) मग ती परत गेली. मग परत. तिसऱ्या खेपेनंतर आप्पांनी तिची सॅक, अर्थातच, उलटी केली. तळाशी फडक्यात बांधलेली नाचणीची भाकरी निघाली.

"मैत्रिणी भाकरी बांधून देत न्हाईत," आप्पांनी निकाल दिला. "ही कुनाच्या तरी आईची भाकरी हाय."

मनीषानेही काही लपवलं नाही. तंबूंची व्यवस्था बघणारा सागर शेलार, पठाराच्या वरच्या वाडीतला. त्याच्याशी लग्न करायचं आणि तिथेच राहून दोघांनी तो व्यवसाय वाढवायचा. "पण तुम्ही हो म्हणाल तेव्हाच," ती म्हणाली, "नाहीतर विषय संपला." आणि खरोखर तिने पुन्हा विषय काढला नाही. तेच आप्पांना जास्त लागलं. ओरडायची सोयच राहिली नाही.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी ते माझ्या दारात उभे. "म्हात्रे, शनवारी गाडी काढा. आपन तिकडं गिऱ्हाईक म्हनून जायचं. त्यानं मला बघितलेलं न्हाई. मी पाटील."

"आणि मी कोण?"

"तुमी म्हात्रेच ऱ्हावा. तुमाला खोटं बोलता येत न्हाई."

माझ्याबद्दल इतका मोठा गैरसमज आजवर कोणी करून घेतला नव्हता. मी तो जपला.

मनीषाला सांगितलं, गावाकडे सातबाऱ्याचं काम आहे. घाटात आप्पा म्हणाले, "सोळाव्या वर्षी असल्याच डोंगरातनं मी खाली उतरलो. चपला हातात घेऊन. आनि ही बूट घालून वर चढनार."

शेवटचं गाव मागे पडलं, डांबर संपलं, आणि माझी बिचारी गाडी दगडांवरून पोट घासत वर आली. वर आल्यावर मी ब्रेक मारला तो थक्क होऊन. समोर सपाट पठार, कमरेएवढं पिवळं गवत, आणि आभाळाला कुठेच इमारत टेकलेली नाही. कामोठ्याच्या माणसाला असं आभाळ दिसलं की कोणीतरी काहीतरी पाडलंय असंच वाटतं.

"फारच मोकळं हाय," आप्पा पुटपुटले. "लपवायला जागा न्हाई. म्हंजे नीट लपवलेलं असनार."

सागर पुढे आला. तिशीचा, सडपातळ, कानटोपी घातलेला. त्याने नमस्कार केला आणि तंबू दाखवला. आप्पांनी तंबू तपासला म्हणजे काय केलं ते सांगतो. आतली गादी उलटली. चार खुंट्या उपटून त्यांची टोकं बघितली. मग तंबू वाऱ्याने निघाला तो सागर आणि मी धावत जाऊन पकडला.

"ह्यात आधी कोन झोपलं हुतं?"

"पुण्याचं एक जोडपं होतं, काका."

"भांडलं का?"

"नाही."

"मग बोलत नसतील."

आता एका गुप्तहेराने काय करू नये ते ऐका. आप्पा बाहेरच्या भांड्यात पाणी पीत नाहीत. त्यामुळे त्यांनी घरून तांब्या, ताटं, डबे, सगळं आणलं होतं. आणि आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर काय असतं? नाव! सागर तांब्या घेऊन पिंपाकडे गेला, पाणी भरलं, आणि भरता भरता थांबला. तांब्यावर ठळक कोरलेलं होतं: सौ. मालन जगन्नाथ भोईटे, कामोठे. त्याने ते वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मी ढगांचा अभ्यास करू लागलो.

"पाटीलकाका, पाणी," तो अत्यंत गंभीरपणे म्हणाला.

आप्पांनी वळूनही बघितलं नाही. आपण पाटील आहोत हे ते विसरले होते. मी कोपराने ढोसलं तेव्हा दचकून म्हणाले, "हां हां, मीच त्यो."

संध्याकाळी सागर डिकीजवळ शेगडीवर पिठलं करत होता आणि आप्पांची चौकशी चालू होती. शिक्षण किती, दम्याबिम्याचा त्रास, तंबाखू, शेतीचे वाटे. सागर प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर देत होता.

"लगीन?"

"ठरतंय."

"ठरतंय म्हंजे?"

"मुलीच्या वडलांचं ठरायचंय."

"कसं हायत ते?"

सागरने पिठलं ढवळलं. "चौकस आहेत म्हणतात."

"असायलाच पायजे!" आप्पा गरजले. "मुलीचा बाप हाय!" मला ठसका लागला. दोष मी मिरचीला दिला.

सकाळी आम्ही वरच्या वाडीकडे पायी निघालो. गाडी तिथे जात नाही. सागर म्हणाला, रमतगमत गेलं तरी पाऊण तास. सपाटीवर आप्पा माझ्यापुढे होते. मग चढ लागला, आणि चौकशी वाढली.

पहिल्यांदा थांबले ते एका बांधापाशी. "हा बांध कुनी घातला?" दगडावर हात टेकून त्यांनी त्या बांधाची तीन पिढ्यांची माहिती काढली. मग विजेचा खांब आला. खांबाला धरून उभं राहत त्यांनी विचारलं की दिवे किती तास असतात, तारा कधी तुटतात, तुटल्या तर कोण येतं, तो कुठे राहतो. मग एक झरा. मग एक शेंदूर फासलेला दगड. मग एक दगड, ज्याला शेंदूरही नव्हता. "ह्यो हितं कसा आला?"

"आप्पा," मी हळूच म्हणालो, "तो डोंगर आहे. दगड असणारच."

"चौकशी करायला काय जातंय?"

मला संशय आला. वाटलं, हा म्हातारा नाही म्हणायला निमित्त हुडकतोय. पोरगा सापडत नाही तर डोंगर पकडतोय. आणि थोड्या वेळाने मला त्या पोराचाही संशय आला. कारण आप्पा कुठे थांबायच्या बेतात आले की सागरच्या पायात काटा जायचा. तो मटकन खाली बसायचा, चप्पल काढायचा, तळवा निरखायचा. मग आप्पाही बसायचे. एकदा काटा डाव्या पायात होता. पुढच्या वेळी उजव्या. चौथ्यांदा पुन्हा डाव्या. डोंगरात जन्मलेल्या माणसाच्या तळव्यात सकाळभर इतके काटे?

पाऊण तासाच्या वाटेला आम्हाला सव्वादोन तास लागले.

वाडीत सात-आठ घरं. सागरच्या आईने ओसरीवर घोंगडी टाकली, ताक दिलं. बाई मोकळी, आवाज खणखणीत. आप्पांनी घर बघितलं, चूल बघितली, माळ्याकडे मान वर करून बघितलं. घडवंचीवरच्या गोधड्यांखाली हात घातला. बाई हसली. "बघा की पाव्हणं, ढेकूण न्हाईत."

मग आप्पांनी विचारलं, "पावसाळ्यात कसं?"

"पठारावर येनारा रस्ता खचतो. मग खालच्या गावापातुर चालतच."

"कुनी आजारी पडलं तर?"

"खुर्चीला बांबू बांधत्यात. चौघं उचलत्यात. दोन तासांत खाली गावात, गाडीपाशी."

आप्पा ताकाचं भांडं हातात फिरवत म्हणाले, "आनि वर आनायचं असंल तर?"

"कुनाला?"

"म्हातारं मानूस. खालनं वर."

"आजारी मानूस वर कशाला कोन आनंल?" ती म्हणाली, आणि सागरकडे बघून खांदे उडवले. तो उठून उगाचच गोठ्याकडे गेला.

परतीच्या वाटेवर सागर पुढे होता, पाण्याचा कॅन घेऊन. आम्ही मागे. अर्ध्या उतारावर आप्पा बसले. या वेळी कोणाचीच चौकशी न करता, नुसते बसले. मी शेजारी बसलो. माझ्यात तेवढी माणुसकी आहे, शिवाय उत्सुकताही होती.

"काय ठरवलंत? पोरगा नापास?"

"पोरात खोट न्हाई. रातीच कळलं. पिठलं ढवळताना त्याचं लक्ष पिठल्यात हुतं." ते गुडघे चोळत होते. छाती अजून भात्यासारखी चालू होती. "नापास मी झालो, म्हात्रे."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"हिची आई गेली तवा ही रातची उठायची. मी सांगितलं, तू नुसती हाक मार, मी येतो. शाळेत मारलीस तरी येतो. आनि गेलो. शाळेत दोनदा, कॉलेजात एकदा. पोरी हसायच्या तिला. बेलापूरच्या ऑफिसात जायला बसमधनं पंचवीस मिन्टं, मोजून ठेवलंय. आता हितनं तिनं हाक मारली, तर मी पोचनार कवा? आज सव्वादोन तास लागलं. धापा टाकत. पाच वर्षांनी?"

खाली सागर थांबला होता. पाठ आमच्याकडे करून, दरी बघत. जन्मापासून बघितलेली दरी.

"मग नाही म्हणा," मी म्हणालो. "तीही मानेल."

"मानंल. तीच तर भीती हाय." ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले. "माझा गुडगा धरत न्हाई म्हनून तिनं का घरात बसायचं?"

गाडीत सामान भरून झालं. सागरने शेवटी तांब्या आणून दिला, लख्ख घासलेला. आप्पांनी तो घेतला, आणि घसा खाकरला.

"मी पाटील न्हाई."

"माहीत आहे."

"कवापास्नं?"

सागरने तांब्याकडे बोट केलं. आप्पांनी नाव वाचलं. वाचता वाचता अंगठा त्या अक्षरांवरून एकदा फिरला. "हिनं पकडून दिलं व्हय," ते म्हणाले, पण रागाने नाही.

मग एकदम आवाज चढवून: "वैशाखात बार उडवू. पन त्या चढाला दोन ठिकानी बसायला धोंडं लाव. सपाट."

"चार लावतो, आप्पा."

"दोन म्हटलं ना! मी काय म्हातारा हाय?"

"दोन लावतो."

आम्ही निघालो. दगडांचा रस्ता संपला, डांबर लागलं, शेवटचं गाव गेलं. आप्पा खिडकीबाहेर बघत होते. मनीषाला फोन करा, मी म्हटलं, तर म्हणाले, घरी गेल्यावर, तोंडावर सांगतो. घाटाच्या दुसऱ्या वळणावर त्यांनी माझ्या दंडाला हात लावला.

"म्हात्रे, गाडी जरा कडेला घ्या."

"काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"त्या सागरला फोन लावा. म्हनावं, तिसरा धोंडा पन लाव. जिथनं वाडीची कौलं पहिल्यांदा दिसत्यात ना, तिथं." त्यांनी रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत राहिले. "तिथनं मी हाक मारली, तर तिला ऐकू जाईल."