ढवळ्याचं दावं

यंत्राच्या खरेदीला जाताना कोणी केरसुणी घेऊन जातं का? आमचे बबनभाऊ जातात. सर्किट बोर्डावर मोहरीएवढे सुटे भाग उचलून बसवणारी जुनी यंत्रं ते विकत घेतात, दुरुस्त करून आमच्यासारख्या भोसरीतल्या लहान कारखानदारांना विकतात आणि पुढे आयुष्यभर त्यांची काळजी वाहतात. यंत्रांची हं, आमची नाही.

बबनभाऊ मूळ मोशीचे. वडील, म्हणजे आबा, चाकणच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. बबनभाऊ आयटीआय करून आले, पण यंत्राकडे बघण्याची नजर बाजारातलीच राहिली. विकणाऱ्याला पहिला प्रश्न, "खोड सांगा, मग भाव सांगा."

चाकणला एक कंपनी बंद होत होती. तिथलं यंत्र बघायला मी त्यांच्याबरोबर गेलो. पांढरंशुभ्र, झकास पुसलेलं. मॅनेजर गुण गात होता. ज्या डब्यात यंत्र न जमलेले भाग टाकून देतं, तो डबा बबनभाऊंनी ओढला. आत कणसुद्धा नव्हता. मी खूश झालो, तर हे गृहस्थ गुडघ्यांवर बसले आणि यंत्राखाली केरसुणी फिरवली. मूठभर भाग निघाले.

"सायेब, शेण उचललं, पर गोठा झाडायचा ऱ्हायला की!"

मॅनेजर बिचारा लाल झाला. भाव उतरला आणि ते यंत्र माझ्याकडे आलं. बबनभाऊंनी त्याचं नाव ठेवलं ढवळ्या. खोडही न लपवता सांगितली, "सकाळी जरा गरम हू द्या. वय झालंय त्याचं."

देताना मात्र त्यांनी विजेची नवी वायर जोडली आणि जुनी गुंडाळून घरी नेली. प्रत्येक गिऱ्हाइकाकडे हेच करतात. तांबं विकत असावेत, असं मी धरून चाललो होतो.

ढवळ्या आजारी पडला की मी फोन त्याच्या पोटाशी धरायचो. पलीकडून निदान यायचं, "हवेचा पाइप ढिला झालाय, शेठ. उगा मारू नगा त्याला." भाद्रपदी पोळ्याला तर स्वारी स्वतः हजर. तेलपाणी करायचे, वरच्या लाल-हिरव्या दिव्याला गोंडा बांधायचे आणि सगळ्या शिफ्टला पुरणपोळी वाढायचे. एका परदेशी पाहुण्याने गोंड्याबद्दल विचारलं, तेव्हा सुरक्षेचा नियम आहे म्हणून मी वेळ मारून नेली.

मग मोठं गिऱ्हाईक मिळालं. त्याला नवंच यंत्र हवं होतं, आणि शेडमध्ये जागा एकाचीच. ढवळ्याला कोणी विचारीना. शेवटी भंगारवाल्याशी बोलणं केलं आणि बबनभाऊंना नुसतं कळवलं.

दुपारी ते टेम्पो घेऊन दारात. "खाटकाला देताय व्हय?"

"अहो भाऊ, पण तुमच्याकडून तरी कोण घेणार?"

"कुनी न्हाई घेतला तर माझ्या दारात उभा ऱ्हाईल. तुमाला काय तरास हाय का?"

भंगाराचाच भाव त्यांनी दिला. ढवळ्या टेम्पोत चढला. मग त्यांनी त्याची वायर सोडली, नीट गुंडाळली आणि माझ्या हातात ठेवली.

"मी काय करू हिचं?"

"दावं हाय ते. बैल इकला की दावं इकणाऱ्यानं घरी न्यायचं." ते टेम्पोच्या फळीला टेकले. "आमची जिमीन कंपनीत गेली, तवा आबा शेवटची जोडी घिऊन बाजाराला गेले. सांजच्याला नुसती दावी घिऊन आले. पुढं मरंस्तवर ती उशाला घिऊन झोपायचे. बैल कुणाला दिले, कुटं गेले, त्यांनी सांगितलं न्हाई. माजी बी इचारायची छाती झाली न्हाई."

मोशीच्या त्यांच्या शेडमध्ये खुंट्यांवर ओळीने टांगलेल्या वायरी मी कितीदा पाहिल्या होत्या. आता त्या डोळ्यांसमोर आल्या आणि मला फार वाईट वाटलं.

यंदा पोळ्याला पुरणपोळीचा डबा घेऊन मीच मोशीला गेलो. ढवळ्याच्या दिव्याला गोंडा बांधून झाला होता. गिऱ्हाईक अजून मिळालं नव्हतं, तरी तो एका रिकाम्या बोर्डावर टकटक भाग बसवत होता.

"कशाला चालवता उगाच?" मी विचारलं.

"पाय मोकळे हुतात," बबनभाऊ म्हणाले. मग माझ्या हातातला डबा घेत हळूच म्हणाले, "बघून घ्या, शेठ. तुमचा कुटं हाय, ते तुमाला ठावं हाय."