टाकीभोवती डायनामो

उजेडाच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायला येऊ नये, असं ऑपरेटर चारचौघांत सांगत. सांगायचा त्यांना हक्कही होता. उभी हयात त्यांनी सिनेमा थिएटरच्या वरच्या कोंदट खोलीत, प्रोजेक्टरच्या उबेला काढली होती. खाली माणसं हसत, रडत, शिट्ट्या मारत; ती सगळी आपण फेकलेल्या उजेडावर, असा त्यांचा हिशेब. पुढे थिएटर बंद पडलं, ते निवृत्त झाले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. घरात सून त्यांना नाना म्हणे. बाकी सगळी गल्ली ऑपरेटर म्हणे.

निवृत्तीनंतर गुडघे धरले म्हणून त्यांनी सायकल धरली, आणि मग सायकलीनं त्यांना धरलं. गावात हौशी सायकलवाल्यांची एक टोळी होती. ती वर्षातून एकदा जंगलातून चार दिवसांचा दौरा काढी. रस्ता कच्चा, पहाटे अंधारात निघायचं आणि दिवस बुडाल्यावर मुक्कामाला पोचायचं. यंदा त्यात आपण जायचं, असं ऑपरेटरनी ठरवलं. एकदा जायचं ठरल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो दिव्याचा.

इथं व्याही आले. व्याही म्हणजे सुनेचे वडील, राहायला मागच्याच गल्लीत. त्यांनी जन्मभर विमा विकलेला. त्यामुळे माणूस उंबऱ्याबाहेर पडला की त्याचं काहीतरी होणार, यावर त्यांची गाढ श्रद्धा. ऑपरेटरना एकटं सोडणं बरं नव्हे म्हणून तेही दौऱ्याला निघाले होते. त्यांचं म्हणणं, दिवा बॅटरीचा घ्यावा. एक बॅटरी दिव्यात, एक खिशात, आणि खिशातली दगा देईल म्हणून एक पिशवीत.

ऑपरेटरना बॅटरी म्हणजे उसना उजेड वाटे. त्यांनी डायनामो घेतला. जुन्या काळी टायरला घासून कुरकुरायचा तसला नव्हे. हा पुढच्या चाकाच्या पोटात, जिथून तारा निघतात त्या मधल्या डब्यात बसतो. बाहेरून काही दिसत नाही, आवाज होत नाही. चाक फिरलं की वीज तयार. त्याच विजेवर वाटेत फोनही चालतो. असं चाक त्यांनी लांबच्या दुकानातून मागवलं, आणि ते आल्याच्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही.

मग भिंगाचा घोळ सुरू झाला. डांबरी रस्त्याच्या दिव्याचा झोत वरून सुरीनं कापल्यासारखा सपाट असतो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. जंगलात मात्र समोरून येणारं कुणी नसतं आणि फांद्या असतात त्या डोक्याच्या उंचीवर. तिथं झोत गोल हवा. ऑपरेटर महिनाभर रोज दिवेलागणीला सायकल उलटी करून हातानं चाक फिरवत आणि समोरच्या इमारतीच्या भिंतीवर झोत पाडून बघत. समोरचे लोक आधी खिडकीत येत. मग त्यांनी पडदे घेतले. शेवटी गोल भिंग ठरलं. व्याह्यांनी एकच विचारलं, सायकल थांबली की दिव्याचं काय होतं? थोडा वेळ मिणमिणतो, मग विझतो, असं ऑपरेटरनी सांगितलं. व्याह्यांनी मान डोलावली. विमा विकणाऱ्याला कुठं गप्प बसायचं ते कळतं.

पण दौऱ्याची खरी चावी होती सूनबाईच्या हातात. मुलगा कामानिमित्त फिरतीवर असे. घरचा कारभार सुनेचा, आणि ती मोठ्या हॉस्पिटलात नर्स. तिनं दोघा म्हाताऱ्यांना समोर बसवून सांगितलं की आधी एक दिवस टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन दाखवायचं. वर पोचलं की फोन करायचा. मेसेज चालणार नाही, आवाज ऐकायचा. आवाज धड असला तर दौरा. नाहीतर सायकल माळ्यावर.

ठरल्या दिवशी दुपार कलल्यावर दोघे निघाले. टेकडीचा रस्ता म्हणजे दगड आणि त्यांच्यामध्ये आणखी दगड. ऑपरेटरनी फोन हँडलवर बसवून डायनामोला जोडला होता आणि त्यावर नकाशा उघडा ठेवला होता. वास्तविक या बाजूनं वाट एकच होती, पण नकाशावर स्वतःचा ठिपका सरकताना त्यांना बरं वाटे. चढ असा की ठिपक्यापेक्षा मुंगी बरी. चाक जेमतेम फिरत होतं. एवढ्याशा फिरण्यावर डायनामो दिवा कसाबसा पेटता ठेवतो, फोनला काही उरत नाही. नकाशानं फोन पिऊन टाकला. वर पोचेपर्यंत त्यात धुगधुगी राहिली होती.

ऑपरेटरनी व्याह्यांचा फोन मागितला. व्याह्यांनी टाकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले की ऐन वेळी दगा नको म्हणून त्यांनी काल फोन, दिवा आणि तिन्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या होत्या. त्या सगळ्या आता अगदी पूर्ण भरल्या असतील. घरी.

ऑपरेटरना उलट आनंद झाला. डायनामो काय चीज आहे ते दाखवायची हीच वेळ होती. टाकीभोवती सिमेंटचा गोल, सपाट ओटा होता. त्यावर ते सायकल फिरवू लागले. दोन फेऱ्यांत फोन सावरला. त्यांनी सुनेला लावला.

"नाना, पोचलात? आणि धापा कसल्या टाकताय?"

"सायकल चालवतोय."

"पोचलात म्हणता ना? मग चालवताय कशाला?"

"तुझ्याशी बोलायला."

सूनबाई वॉर्डात होती. तिचा आवाज एकदम मऊ झाला, आणि मऊ आवाज ती फक्त पेशंटशी बोलताना काढी.

"नाना, तुम्ही नेमके कुठं आहात?"

"टाकीच्या पुढे," ऑपरेटर म्हणाले. सायकल चालू होती, आणि माणूस खरं बोलणारा. "आता मागे. आता परत पुढे."

"बरं. आता सायकल थांबवा. खाली बसा."

"थांबता येत नाही गं. थांबलो की तू जाशील."

"मी कुठं जात नाहीये नाना. मी इथंच आहे. बाबांना फोन द्या बघू."

ते सोपं नव्हतं. फोन हँडलला बांधलेला आणि हँडल फिरतं. व्याही ओट्यावर सायकलीच्या बाजूनं धावू लागले. त्यांना धावायची सवय नव्हती. विम्याच्या धंद्यात गिऱ्हाईक धावतं. ते एवढंच म्हणू शकले की सगळं ठीक आहे, फक्त यांना थांबवू नकोस. मग ते मागे पडले, आणि पुढच्या फेरीला ऑपरेटरनी त्यांना पुन्हा गाठलं तेव्हा तिनं त्यांचा नुसता श्वास ऐकला.

आता तिनं शिकलेली पद्धत काढली. पेशंटचं भान तपासायला हॉस्पिटलात जे विचारतात ते विचारलं.

"नाना, आज वार कोणता?"

निवृत्त माणसाला हा प्रश्न विचारणं मुळात अन्याय आहे. ऑपरेटरच्या डोक्यात वार एकच होता, नवा सिनेमा लागण्याचा. ते शुक्रवार म्हणाले. ओट्यावर बसकण मारलेल्या व्याह्यांनी बुधवार असल्याचं ओरडून सांगितलं. यावर त्या दोघांची फेरीफेरीनं वादावादी झाली. टाकीच्या पुढच्या बाजूला ऑपरेटर बोलत, मागे गेले की व्याही. त्या दिवशी गुरुवार होता.

"नाना, नीट ऐका. मी गाडी पाठवतेय. तोपर्यंत माझ्याशी बोलत राहायचं. काही झालं तरी फोन बंद होऊ द्यायचा नाही."

ऑपरेटर आज्ञाधारक सासरे होते. फोन बंद होऊ द्यायचा नाही म्हणजे सायकल थांबवायची नाही. ॲम्ब्युलन्सला शहर ओलांडून, टेकडीला वळसा घालून, जीपच्या वाटेनं वर यायचं होतं. ऑपरेटर फिरत राहिले. सूनबाई काहीबाही विचारत राहिली आणि ते उत्तरं देत राहिले, आधी वाक्यात, मग शब्दात, मग हुंकारात. हुंकार ऐकून तिनं ड्रायव्हरला आणखी घाई केली. मधे एकदा व्याह्यांनी आपण चालवतो म्हणून सुचवलं. पण बदलाबदलीत फोन गेला तर पोरीच्या जिवाला घोर लागेल, या विचारानं दोघांनीही तो नाद सोडला.

अंधारू लागलं तसा ऑपरेटरचा दिवा खुलला. टाकीभोवती गोल झोत असा फिरत होता की खालच्या वळणावरूनच ड्रायव्हरला जागा सापडली. वर येऊन दार उघडताना तो म्हणाला, "लाइट भारी आहे हां काका." दिवसभरात ऑपरेटरना सुखाचं असं तेवढंच वाक्य ऐकायला मिळालं. मग ते सायकलीवरून उतरले आणि त्यांचे पाय त्यांच्याबरोबर उतरले नाहीत. चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा, नाडी धावती, जीभ कोरडी. सकाळी ठणठणीत असलेला माणूस आता खरोखर स्ट्रेचरवर घालण्याच्या लायकीचा झाला होता. पेशंट कोणता, असं विचारल्यावर व्याह्यांनी बोट दाखवलं.

हॉस्पिटलात सलाइन लागलं. सूनबाईनं सगळी हकीकत ऐकून घेतली, आणि ती हुशार असल्यामुळे तिला ती समजलीही. तिनं कपाळाला हात लावला. पण आता कागदावर डॉक्टरांच्या नावानं पेशंट दाखल झाला होता, आणि सोडायचं की नाही ते डॉक्टर ठरवणार होते. दौरा परवा पहाटे निघणार होता.

"उद्या ते राउंडला येतील," तिनं बजावलं. "हो किंवा नाही, एवढंच बोलायचं. शहाण्यासारखं बोललात तर संध्याकाळी घरी, आणि परवा खुशाल दौऱ्याला जा. पण डायनामो हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

नाना कबूल झाले.

डॉक्टर सकाळी आले. शांत, सभ्य, अर्ध्या वयाचा माणूस. सूनबाई तेव्हा दुसऱ्या वॉर्डात होती, आणि व्याही फळं घेऊन बाजूच्या स्टुलावर बसले होते. डॉक्टरांनी हृदय ऐकलं, पाय दाबून पाहिले आणि प्रकृती उत्तम म्हणून सांगितलं. मग त्यांनी खुर्ची ओढली.

"तुम्ही सुनेला म्हणालात की सायकल थांबली की फोन बंद पडेल. असं का वाटलं तुम्हाला?"

याला हो किंवा नाही असं उत्तर नव्हतं. ऑपरेटरनी सुनेला मनातल्या मनात विचारून पाहिलं आणि सांगितलं, की सायकलीला डायनामो आहे.

डॉक्टर समजूतदारपणे म्हणाले की आपल्याही सायकलीला लहानपणी डायनामो होता. म्हणून त्यांनी मुद्दाम खाली जाऊन, ॲम्ब्युलन्समधून आलेली सायकल बघितली होती. पुढून, मागून, टायरपाशी. "काका, तुमच्या सायकलीला डायनामो नाही."

इथं ऑपरेटरचा तोल गेला. तो दिसत नाही हेच तर त्याचं वैशिष्ट्य, असं त्यांनी सांगायला घेतलं. तो चाकाच्या पोटात आहे. बाहेरून दिसणार नाही, ऐकू येणार नाही, पण वीज सतत तयार होते. मग गाडी भिंगावर आली. सपाट झोत, गोल झोत, डोक्याच्या उंचीवरच्या फांद्या, समोरच्या इमारतीची भिंत. सलाइनचा हात हवेत चाक फिरवू लागला. डॉक्टर लिहीत होते. मग त्यांनी व्याह्यांकडे वळून विचारलं, हे नेहमीच असं बोलतात का?

व्याही खोटं बोलणारे नव्हते. "महिनाभर हेच चाललंय," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी. समोरच्या लोकांनी पडदे घेतले."

डॉक्टरांचं पेन थांबलं. ऑपरेटरनी त्या पेनाकडे पाहिलं आणि त्यांना दौरा जाताना दिसला. त्यांनी डोळे मिटले. उभ्या आयुष्यात जे तोंडातून निघालं नसतं ते त्यांनी काढलं.

"डॉक्टर, डायनामो वगैरे काही नाही. दिवा बॅटरीचाच बरा."

डॉक्टरांचा चेहरा निवळला. ते सोडण्याच्या कागदाकडे हात नेणार, एवढ्यात स्टूल सरकलं.

"काय म्हणालात?" व्याह्यांनी विचारलं. "मला नीट ऐकू आलं नाही."

"दिवा बॅटरीचाच बरा."

"जरा मोठ्यानं म्हणा ना ऑपरेटरसाहेब. या कानानं कमी येतं."

"दिवा बॅटरीचाच बरा," ऑपरेटर ओरडले, "बॅटरीचाच बरा, बॅटरीचाच बरा!"

डॉक्टरांनी हात मागे घेतला. एकच वाक्य असं पुन्हा पुन्हा म्हणणं त्यांना बरं वाटलं नाही. आणखी दोन दिवस देखरेखीखाली ठेवू, असं त्यांनी सौम्यपणे सांगितलं. सूनबाई धावत आली तोवर सही झाली होती. तिनं आपल्या वडिलांकडे असं पाहिलं की त्यांनी केळी सोलायला घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्याही पुन्हा आले. पलंगाशी सरकले. मग दबक्या आवाजात म्हणाले की काल रात्री सामान बांधताना एक गोष्ट लक्षात आली होती. चार दिवस जंगलात बॅटरी भरायला प्लग कुठून आणायचा? म्हणून आज पहाटे त्यांनी ऑपरेटरची सायकल नेली. लेकीला विचारूनच. पण पहिल्याच चढावर दिवा असा लुकलुकायला लागला की ते अंधारात खड्ड्यात जाऊन बसले, आणि टोळीवाल्यांनी त्यांना परत पाठवलं. उद्या पुढच्या मुक्कामावर टोळीला गाठता येईल. तेवढं चढावर काय करायचं ते सांगा.

ऑपरेटरना ते अगदी तपशीलवार माहीत होतं. सांगायला ते उठून बसलेही. एवढ्यात शेजारच्या पलंगापाशी वाकलेले डॉक्टर सरळ झाले आणि सहज इकडे बघू लागले.

ऑपरेटरनी उशी नीट केली, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"कसला दिवा?" त्यांनी विचारलं.