अर्ध्या किकची गाडी

दसरूची फटफटी एका किकमध्ये चालू होत असे आणि खुशालला ते सहन होत नसे. घुग्घुसच्या एकाच चाळीत दोघे शेजारी, दोघेही खाणीत कामाला, गाड्या एकाच मॉडेलच्या आणि सारख्याच जुन्या. खुशालची तेवढी सगळ्या चाळीला उठवून मग निघे.

त्या दिवशी तर निघेचना. आणि संध्याकाळी शेजारच्या गावात त्याच्या बायकोच्या, कांताच्या भावाची हळद.

"दसरूभाऊले म्हणतो मी. सोडून देतीन ते," कांता म्हणाली.

"त्याच्या सीटवर बसून माह्या सासुरवाडीले जाशीन तू?"

"मंग? तुमच्या सीटवर बसून इथीच राहू?"

खुशालने कार्बोरेटर खोलला. जुन्या परातीत रॉकेल ओतलं, ब्रशने कोळशाची काळी भुकटी काढली, जेटच्या बारीक छिद्रात गाल दुखेपर्यंत फुंकलं. भाग न् भाग चकाकू लागला. सगळं जोडून किक मारली. गाडी ढिम्म.

"दसरूभाऊचा कारबोटर चांगला असन," कांता सहज म्हणाली.

रात्रपाळी करून आलेला दसरू आत घोरत होता. गाडी बाहेर उभी होती. कांता साडी बदलायला गेली, तेवढ्यात खुशालने दसरूचा कार्बोरेटर काढून आपल्या गाडीला बसवला आणि आपला त्याच्या. त्यालाही कळू दे जरा!

आपल्या गाडीला किक मारली. तीही वाया. आता अदलाबदल परत करावी म्हणून त्याने पाना उचलला, तोच दसरूचं दार उघडलं.

"काऊन भाऊ, नाई होऊन राह्यली?"

"हवाच खराब आहे आज," खुशाल म्हणाला. "तुही बी नाई होणार, पाह्यजो."

दसरूने किकवर पाय ठेवला. तो पुरता दाबायच्या आतच इंजिन धडधडू लागलं. दसरू स्वतःच दचकला.

"आगा! आज तं अर्ध्या किकमंदीच!"

गाडी तशीच चालू ठेवून त्याने खुशालचा प्लग काढून पाहिला. "प्लगच मेला भाऊ तुमचा. कारबोटरले काईच नाई झालं."

तो आपल्या गाडीवर बसला, तशी साडी बदलून आलेली कांता "मले हळदीले सोडून द्या भाऊ" म्हणत पदर खोचून त्याच्या मागे बसली. "पाहा जी, अशी ठेवा लागते गाडी. दसरूभाऊ, कोणाच्या हातून साफ करून घेता तुम्ही?"



"नाई वहिनी," दसरू लाजून म्हणाला, "माह्या गाडीले तं कोणी हातच लावत नाई."

खुशालने रॉकेलचे हात पाठीमागे नेले.